बँडचा डावा पाय

घड्याळमास्तरांना स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. डेपोतल्या बस वेळेवर फाटकाबाहेर काढायच्या हे त्यांचं काम, म्हणून हे नाव पडलं. पण खरं घड्याळसुद्धा त्यांच्यापेक्षा शांत म्हणायचं. केबिनमध्ये बसले की बोटं टेबलावर ताल धरायची, उभे राहिले की टाच हलायची, आणि चहा प्यायचे तोही येरझाऱ्या घालत, अर्धा बशीत सांडून. त्यातून बँडची स्पर्धा आठवड्यावर आलेली. मग काय, विचारूच नका. माणसाच्या पायाला नुसती भिंगरी लागली होती.

बँड डेपोचाच. ड्रायव्हर, कंडक्टर, मेकॅनिक, स्टोअरमधले कारकून, सगळे हौशी गडी. दुपारी बस बाहेर गेल्या की रिकाम्या आवारात, तेलाच्या डागांवरून ही मंडळी वाजवत वाजवत कवायत करायची. सगळ्यांच्या पुढे चांदीच्या मुठीची काठी घेऊन मास्तर. काठी वर गेली की बँड सुरू, आडवी झाली की वळायचं, खाली आली की बंद. मागच्या माणसांनी वाजवायचं कानानं आणि चालायचं डोळ्यांनी, हा नियम. डोळे सतत पुढच्याच्या टाचेवर.

शेवटच्या ओळीत मोठा ड्रम, आणि तो ड्रम छातीवर बांधलेले दादा. दादा म्हणजे मास्तरांचे सख्खे थोरले भाऊ. पण अख्खा डेपो त्यांना दादाच म्हणायचा, मॅनेजरसकट. बसच्या पोटाखाली खणलेल्या खड्ड्यात उतरून दुरुस्ती करायची ही त्यांची नोकरी. ऐन तरुणपणी त्याच खड्ड्यात ते पडले आणि डावा गुडघा कायमचा अधू झाला. तेव्हापासून डावं पाऊल टेकायचं ते जरासं रेंगाळून, बूट घासत.

आता मास्तरांचं दुखणं काय, ते ऐका. गेल्या स्पर्धेत परीक्षकांनी माइकवरून, सगळ्यांच्या देखत सांगितलं होतं, "डेपोचा बँड वाजतो झकास, पण चालतो लंगडत." मैदान खदाखदा हसलं. वादकसुद्धा हसले, काय करतील बिचारे. मास्तर हसले नाहीत. ते वाक्य वर्षभर त्यांच्या कानात पाणी शिरल्यासारखं बसलं होतं. कितीही डोकं झटकलं तरी निघेना. या खेपेला बँड सरळ चालला पाहिजे, नाहीतर ही काठी चुलीत घालीन, असं ते येता-जाता बोलून दाखवायचे. ऐकणारे कंटाळले, पण ते काही कंटाळले नाहीत.

युक्ती काढली ती कंडक्टरबाईंनी. या बाई दादांच्या शेजारी झांजा वाजवायच्या. बोलायला एकदम फटकळ. बसमध्ये सुट्ट्या पैशांवरून कुणी हुज्जत घातली तर पुढच्या थांब्याच्या आत त्याला गप्प करतील अशा. त्यांनी आपला मोबाईल वॉचमनच्या हातात दिला आणि त्याला पाण्याच्या टाकीवर चढवला. "वरून सगळा बँड दिसू दे. मग कळेल नेमकं कुठं दुखतंय."

कळलं. वरून माणसं दिसतच नव्हती, नुसत्या पांढऱ्या टोप्या. उजवं पाऊल पडलं की टोप्या ठीक चालायच्या. डावं पडलं की सगळ्या, एकजात सगळ्या, किंचित कलायच्या आणि रेंगाळायच्या. एखाद-दुसरा चुकत असता तर त्याचा कान धरता आला असता. इथं अख्खा बँड एका सुरात लंगडत होता!

"च्यायला," भोंगा म्हणाला, "आपण सगळेच दादा झालो की!" भोंगा म्हणजे ट्रम्पेट वाजवणारा ड्रायव्हर. बोलला आणि जीभ चावली त्यानं. सगळ्यांनी चोरून नळाकडे पाहिलं. तिथं दादा पाठमोरे उभे राहून हात धूत होते. ग्रीस निघता निघत नाही, त्यामुळे त्यांचं हात धुणं लांबायचं. ऐकलं की नाही, कळायला मार्ग नव्हता.

"पण मास्तर," कंडक्टरबाई हळूच म्हणाल्या, "दादांचा हात सरळ आहे हो. मी शेजारीच असते ना. पाय कसाही पडो, ठोका नाही हलत त्यांचा. मला वाटतं..."

"पाय हलला की ठोका हलणारच! मला नका शिकवू, बाई."

"बरं बाबा. नाही शिकवत," म्हणून बाईंनी मोबाईल पर्समध्ये टाकला.

मास्तर त्या दिवशी घरी गेले ते रस्ताभर बोटांनी मांडीवर ठोके मारत. डावा, उजवा, डावा, उजवा. ड्रम दुसऱ्याकडे द्यायला हवा हे त्यांना दिसत होतं, पण ते दादांना सांगायचं कसं? बँड उभा राहिला त्या दिवसापासून ड्रम दादांचा. जिना चढताना त्यांनी दोनदा मनातल्या मनात सुरुवात करून पाहिली. दोन्ही वेळा "दादा" या शब्दाच्या पुढे गाडी जाईना.

"या भावोजी, बसा. हे यायचेत अजून," आतून बायकोचा आवाज आला. मग ती बाहेर डोकावली. "अगबाई, तुम्ही होय! जिन्यावर पाय वाजले, मला वाटलं भावोजी आले."

"दादा कशाला येईल या वेळी?" मास्तर तिच्यावरच खेकसले.

"नाही आले तर नाही आले. माझ्यावर काय ओरडता?"

मग चहा झाला, येरझाऱ्या झाल्या, खिडकी तीनदा उघडून लावून झाली. शेवटी बायकोनंच विषय काढून घेतला. सगळं ऐकून ती म्हणाली, "मग एकदाचं बोलून मोकळे व्हा. तुमची ही घालमेल घरात नको. मला भोवळ यायला लागलीय."

"बोलू काय, कपाळ! बाबा गेले तेव्हा मी चड्डी सावरत फिरत होतो. दादा डेपोत लागला, म्हणून घरात चूल पेटली. कामावर जाताना रोज मला बोट धरून शाळेत सोडायचा. त्या माणसाला आता सांगू, की बाबा रे, तुझं बोट नको?"

"नका सांगू मग. चालू दे लंगडत."

"तेही जमणार नाही!"

"अहो, काठी तुमची, स्पर्धा तुमची, भाऊ तुमचा," ती उठत म्हणाली. "मी कुठं कुठं पुरी पडू?"

दुसऱ्या दिवशी कवायतीच्या आधी मास्तर ड्रमपाशी गेले. दादांनी पट्टे बांधून घेतले होते. मास्तरांनी टोपी काढली, घातली, पुन्हा काढली.

"गुडघा कसा आहे?"

"आहे तिथंच आहे."

"नाही, म्हणजे, यंदा मैदान मोठं आहे. फेऱ्याही जास्त. उन्हाचं ड्रम घेऊन... उगाच त्रास..."

दादांनी त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मास्तरांना परवडलं असतं.

"मागचा पट्टा सोड," ते म्हणाले. "माझा हात पोचत नाही."

मास्तरांनी पट्टा सोडला. बक्कल गंजलेलं, निघायला वेळ लागला. दादांनी ड्रम उचलून स्वतःच्या हातानं कंडक्टरबाईंच्या छातीवर बसवला, पट्टे त्यांच्या मापाचे केले. "बाई, खांदे सैल. ड्रम ओढायचा नाही, त्याला आपल्याबरोबर चालू द्यायचं." झांजा मुकाट पेटीत गेल्या. आणि दादा आवार ओलांडून आपल्या खड्ड्याकडे निघाले. तो बूट घासल्याचा आवाज आवाराच्या पार टोकापर्यंत ऐकू येत राहिला. मास्तरांना हाक मारावीशी वाटली, पण तोंड उघडण्याऐवजी त्यांनी काठी वर केली.

आणि बँड काय सरळ चालला म्हणता? छे! पूर्वी निदान सगळे मिळून लंगडायचे. आता पाय एकीकडे, ठोका तिसरीकडे. क्लॅरिनेटवाले ट्रम्पेटवाल्यांच्या अंगावर गेले. वळताना एक टोपी पडली आणि मागच्यानं ती तुडवली. मास्तर ओरडत सुटले. "पाय उचला! पाय! खाली डांबर आहे, चिखल नाही!" एकाला म्हणाले झोपलास का, दुसऱ्याला म्हणाले घरी जा. कंडक्टरबाईंना म्हणाले, "तिकिटं फाडताना हात चालतो ना? मग इथं काय झालं?"

भोंग्यानं ट्रम्पेट खाली घेतलं. "मास्तर, तुमचं म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं. दादा लंगडे म्हणून काढले. आता ही बाई बाणासारखी चालतेय, तरी बँड लंगडतोच आहे. आता कुणाला काढायचं? मला काढता? माझा पाय बघून घ्या एकदा."

"चढव रे त्या वॉचमनला!" मास्तर गरजले.

वॉचमन चढला, बँड चालला, वॉचमन उतरला. मास्तरांनी मोबाईल जवळजवळ हिसकावूनच घेतला. पुन्हा त्याच टोप्या, पुन्हा तेच कलणं. ड्रमपाशी कंडक्टरबाईंची टोपी मात्र सरळ रेषेत जात होती, इकडे नाही की तिकडे नाही. मास्तर शेवटच्या ओळीपासून एकेक ओळ वर सरकत गेले. ही लंगडते. हीपण. हीपण. पहिली ओळ तर सगळ्यात जास्त. मग त्यांची नजर पहिल्या ओळीच्याही पुढे गेली, जिथं काल कुणी पाहिलंच नव्हतं, कारण काल सगळे ड्रमच शोधत होते.

पुढं एकटी टोपी होती आणि तिच्या बाजूला उन्हात चमकणारी चांदीची मूठ. डावं पाऊल पडलं की मूठ आधी कलायची. मग तिच्या मागून पहिली ओळ. मग दुसरी.

मास्तरांनी चित्र थांबवलं, मागं नेलं, पुन्हा पाहिलं. भोंगा आभाळात काहीतरी महत्त्वाचं असल्यासारखा वर बघत होता.

"बाई," मास्तर म्हणाले. "तुम्हाला दिसलं होतं?"

"कालच दिसलं होतं."

"मग?"

"मग काय? तुम्ही म्हणालात, शिकवू नका. म्हणून आज मी आपली टाच बघायचीच सोडली."

मास्तरांचे कान तापले. मान वर करून कुणाकडे बघायची सोय राहिली नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशी देणारा कोण, तर चोरच! आपल्या हातानं बक्कल सोडलं होतं त्यांनी. काठी भोंग्याच्या हातात कोंबून ते दुरुस्तीच्या शेडकडे धावत सुटले.

शेडमध्ये खड्ड्यावर बस उभी होती. खाली दिव्याचा पिवळा उजेड, आणि पान्याचा आवाज. मास्तर बसच्या चाकाशी येऊन थांबले.

"ये," खालून दादा म्हणाले. "एवढा पळत का आलास?"

"मी आहे हे कसं कळलं?"

"या खड्ड्यातून मला तोंडं दिसतात होय कुणाची? पाय दिसतात. मॅनेजर आला की बूट चकचकीत, भोंगा आला की फेंगडे. आणि माझ्यासारखा चालणारा सगळ्या डेपोत एकच आहे."

मास्तर मटकन खड्ड्याच्या काठावर बसले. गणवेशाच्या पांढऱ्या पँटला काळं ग्रीस लागलं, त्यांना शुद्ध नव्हती.

"तुला माहीत होतं, दादा?"

"हो."

"कधीपासून?"

"तू शाळेत जायचास तेव्हापासून. माझा गुडघा नुकताच गेला होता. तू बोट धरून चालायचास. मी पाय ओढला की तूही ओढायचास. आधी मला वाटलं, कार्टं नक्कल करतंय. एकदा थोबाडीत द्यायला हातसुद्धा उचलला. मग बघितलं, तर तू एकटा पळतानाही तसाच." पाना थांबला. "तुला चालायला दुसऱ्या कुणी शिकवलंच नाही ना रे. समोर मीच होतो."

मास्तरांना हुंदका आवरला नाही. पण राग तर माणसाला रडतारडतासुद्धा येतो. "मग मघाशी बोलला का नाहीस? मुकाट्यानं पट्टा सोडायला लावलास मला! एवढा मोठेपणा कशाला?"

"मोठेपणा नाही रे, वेड्या. चारचौघांत काय सांगू, मास्तर लंगडतात म्हणून? गेल्या वर्षी मैदान हसलं ना, तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते. म्हटलं, बरं झालं. मी आहेच लंगडा, माझं काय जातंय? तुझ्या हातात काठी होती. तुझ्याकडे बघून हसले असते, तर मला नसतं सोसलं." मग पाना पुन्हा फिरवत म्हणाले, "आणि वाटलं, मागून माझा बूट घासलेला ऐकू आला नाही, तर तुझा पाय सुधारेल कदाचित. सुधारला?"

"नाही."

"मग झालं तर. फुकट गेलं."

"दादा, वर ये."

"हा बोल्ट तेवढा निघू दे. पुष्कळ हट्टी आहे, तुझ्यासारखा."

बोल्ट निघेपर्यंत मास्तर तिथंच बसून होते. दादा म्हणत होते, काठी सोडू नकोस, रोज पहाटे मी तुला आवारात चालवतो, होईल सरळ. पण आयुष्यभराचं चालणं आठवड्यात बदलतं का कुठं? ते मास्तरांना कळत होतं. वर्षभर ज्या काठीसाठी जीव टाकला ती सोडायची, हे सोपं नव्हतं, खोटं कशाला बोला. पण पट्ट्याचं ते बक्कल आठवलं की त्यापुढं काठीचं काही वाटेनासं व्हायचं.

आवारात परत येऊन त्यांनी भोंग्याच्या हातातली काठी घेतली आणि कंडक्टरबाईंच्या पुढे धरली.

"मला?" बाई पहिल्यांदाच गांगरल्या.

"तुमचा पाय सरळ आहे. वरून पाहिलंय मी. ड्रम उतरवा, दादाचा आहे तो." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बँड माझ्यामुळं लंगडत होता. दादामुळं नाही. ज्याला हसायचं त्यानं आत्ता हसून घ्या, मैदानावर नको."

कुणी हसलं नाही. भोंग्यानं नाक पुसलं आणि ट्रम्पेटमध्ये उगाच फुंकर मारून पाहिली.

मास्तरांच्या वाट्याला झांजा आल्या. शेवटच्या ओळीत, दादांच्या शेजारी. तिथं त्यांच्या टाचेकडे बघणारं मागं कुणीच नव्हतं. आणि झांजा म्हणजे या माणसाला शिक्षाच. सगळे वाजवत असताना हात आवरून धरायचे, आणि आपली पाळी आली की एकदाच. मास्तर दर वेळी आधी वाजवायचे. अख्खा बँड मान वळवून बघायचा. दादा ड्रम वाजवता वाजवता ओठांतल्या ओठांत म्हणायचे, "अजून नाही... अजून नाही... हं!" स्पर्धेच्या आदल्या दिवसापर्यंत त्यांचं हेच चाललं होतं. पुढच्या ओळी मात्र बाईंच्या टाचेमागून दिवसेंदिवस सरळ होत गेल्या.

स्पर्धेच्या सकाळी मास्तरांचा जीव थाऱ्यावर नव्हता. मैदानावर तोच माइक, तेच परीक्षक. बाईंनी काठी वर केली. ड्रमचा ठोका पडला आणि बँड निघाला. मास्तरांना पुढचं काही दिसत नव्हतं, फक्त पाठी. कानाशी ड्रम, आणि त्याच्या खाली, अगदी जवळून, बूट घासल्याचा आवाज. त्यांचा स्वतःचा बूटही तसाच घासत होता. इतक्या वर्षांत तो आवाज त्यांनी पहिल्यांदा ऐकला. पुढं एकटं चालताना कधी ऐकूच आला नव्हता. लाज वाटेल असं त्यांना वाटलं होतं. वाटली नाही. झांजांची पाळी आली तेव्हा दादा काही बोलले नाहीत, आणि मास्तरांचे हात बरोबर जागेवर एकमेकांवर आपटले.

निकालाला वेळ होता. बँडवाले घोळका करून माइककडे कान लावून उभे. मास्तर आणि दादा बूट काढून गवतावर बसले होते. मास्तरांची बायको मोबाईल नाचवत आली.

"घेतलं बघा मी! पण पुढं दोरीला चिकटून ही गर्दी. शेवटी खाली वाकून घेतलं, माणसांच्या पायांतून. तोंडं कुणाचीच आली नाहीत, नुसते बूट आलेत."

तिघांनी डोकी जवळ आणली. आधी कंडक्टरबाईंचे बूट गेले. मग ओळींमागून ओळी गेल्या, फूटपट्टीनं आखल्यासारख्या. दादा पुटपुटले, "वा, वा." मग शेवटची ओळ आली. तिच्यात बुटांचे दोन जोड शेजारी शेजारी. डावा एकदमच उचलला जायचा, एकदमच रेंगाळायचा, एकदमच टेकायचा. फेऱ्या संपेपर्यंत त्यात तसूभर फरक नव्हता.

"यातले तुमचे कुठले हो?" बायकोनं विचारलं.

मास्तरांनी पाहिलं. दादांकडे पाहिलं, पुन्हा मोबाईलमध्ये पाहिलं. सांगता येईना.

एवढ्यात भोंगा धापा टाकत आला. "मास्तर! दुसरे आलो आपण, दुसरे! चला लवकर, बोलावतायत!"

"थांब रे जरा," मास्तर म्हणाले. "परत लाव गं ते. शेवटचं."